सबनिसांच्या गाडीची जाळी

आमच्या बाच्या नाकात शिट्टी होती. म्हणजे आम्ही पोरं तसं म्हणायचो. रविवारी दुपारी जेवून तो ओट्यावर चटई टाकून आडवा झाला की थोड्याच वेळात ती सुरू व्हायची. श्वास आत घेताना जरा वरचा सूर, सोडताना खालचा. माझा धाकटा भाऊ विजू त्याच्या उशाशी बसून तश्शीच शिट्टी तोंडाने मारून दाखवायचा आणि मी फ्रॉकचा बोळा तोंडात कोंबून हसायची. आय आतून ओरडायची, "गप ऱ्हावा मेल्यांनो, बापूस दमून आलाय." पण ओरडता ओरडता तीही हसत असायची. पाहुणे आले की आम्ही त्यांना हाताला धरून ओट्यावर न्यायचो, आमच्या बाची शिट्टी ऐका म्हणून. मला तर तिची इतकी सवय होती की मामाकडे राहायला गेले की पहिल्या रात्री झोपच लागायची नाही. ती शिट्टी म्हणजे नेमकं काय होतं ते आम्हाला पुढे कळलं, आणि कळल्यावर विजूने तिची नक्कल पुन्हा कधी केली नाही.

आमचं घर करावे गावात, खाडीच्या अंगाला. आता तिथून सरळ बघितलं की काचेच्या इमारती दिसतात, तेव्हा चिखल दिसायचा आणि चिखलापलीकडे पाणी. आमचे आजोबा खाडीवरचे. त्यांच्याबद्दल गावात असं सांगायचे की काठावरचा चिमूटभर चिखल ते बोटांत चोळायचे, नाकाला लावायचे आणि आज होडी काढायची की घरी बसायचं ते ठरवायचे. खरं किती, खोटं किती, देव जाणे. पण ते चोळून हुंगणं बाच्या अंगात उतरलं होतं हे मात्र मी या डोळ्यांनी पाहिलंय. बा आमच्या घरातला खाडी सोडणारा पहिला. तुर्भ्याला कारखाने आले तेव्हा तो एका मुलामा करणाऱ्याच्या हाताखाली लागला आणि पुढे त्याने स्वतःचा गाळा घेतला. लोखंडावर, पितळेवर निकेल चढवायचं, त्यावर क्रोम चढवायचं, हे त्याचं काम. नळाच्या तोट्या, खुर्च्यांचे पाय, सायकलींची हँडलं, स्कूटरचे आरसे. काळं, गंजकं, मरतुकडं काहीतरी यायचं आणि जाताना त्यात तोंड बघून घ्यावं असं होऊन जायचं. तुर्भ्यात त्याला धर्माशेट म्हणायचे. घरी आल्यावर आय मुद्दाम म्हणायची, "आलं बगा शेट. चला शेट, पानी भरा."

गाळ्यात ओळीने हौद होते. एकात ॲसिड, एकात साधं पाणी, एकात हिरवं निकेलचं पाणी, आणि शेवटचा क्रोमचा, त्यातलं पाणी लालभडक, आणि वीज सोडली की त्यातून बारीक धुकं उठायचं. बा दिवसभर त्या धुक्यावर वाकलेला. तोंडाला फडकं बांध म्हणून आय सांगायची, पण फडकं बांधलं की त्याला गुदमरायचं. आणि त्याचं म्हणणं असं की फडकं बांधलं तर धातू ओळखू कसा? कारण त्याची ओळखायची रीतच निराळी. दुसरे मुलामावाले कानस लावून बघायचे. बा वस्तूच्या एखाद्या उघड्या जागी, स्क्रूच्या भोकात वगैरे, अंगठा घालून चोळायचा, अंगठा नाकाला लावायचा आणि सांगायचा, पितळ. किंवा तोंड वाकडं करून सांगायचा, मझाक. मझाक म्हणजे जस्ताचा ओतीव माल. दिसायला वरून सारखंच, खाली तांब्याचा थर दिलेला असला तर झिजल्यावरही सारखंच, पण पितळ ॲसिडात घालून जुना मुलामा काढता येतो आणि मझाक ॲसिडात घातलं की संपलंच, साखरेसारखं विरघळून जातं. त्यामुळे हे ओळखणं म्हणजे त्या धंद्यातली पहिली पायरी. गिऱ्हाइकांना बाच्या त्या हुंगण्याची फार गंमत वाटायची. दुसऱ्यांना घेऊन यायचे, बघा म्हणायचे.

मी काही गोष्ट रंगवून सांगणारी बाई नाही, शाळेत आयुष्यभर पोरांना मुद्द्याचं बोला म्हणत आले, तेव्हा इथेच सांगून टाकते. बाचं नाक गेलं होतं. वास येणं बंद झालं होतं. कधी झालं ते त्यालाही धड सांगता आलं नाही. वजनावरून, वरच्या रंगावरून तो धातूचा अंदाज बांधायचा, हुंगणं नुसतं दाखवायला उरलं होतं. आणि त्याने ते कुणालाच सांगितलं नव्हतं, आम्हाला नाही, गाळ्यातल्या माणसांना नाही. आयला तर मुळीच नाही.

आयला नाही, कारण आय मासळीवाली. सकाळी पाटी घेऊन इतर बायांबरोबर टेम्पोने तुर्भ्याला जायची, मार्केटात बसायची. अर्धी पाटी विकून झाली की शेजारणीला लक्ष ठेवायला सांगून बाचा डबा घेऊन गाळ्यावर जायची. आणि संध्याकाळी घरी आली की पुन्हा चूल. थकलेली असली तरी बासाठी तिचं कालवण निराळं. जिताडा मिळाला की त्याचं डोकं बाला. बोय असली की चिंच जरा जास्त, कारण बाला तशी आवडते. आमच्या आयला गोड बोलणं वगैरे जमायचं नाही, जे काय होतं ते त्या टोपात. आणि बा दारातून आत येता येताच म्हणायचा, "काय घमघमाट सुटलाय गो! आज बोय वाटतं." आय मान वर करायची नाही, पण चुलीच्या उजेडात तिचा चेहरा कसा व्हायचा ते मी बघायची. आता विचार केला की कळतं, तो सकाळी निघताना पाटीत डोकावून जायचा. दारातून येताना पाट्यावर चिंच दिसते का, कोयत्याला खवले कसले चिकटलेत, ते बघून घ्यायचा. एकदा जवळा करपला होता, सगळं घर धुराने भरलं होतं, आणि बा म्हणाला, "वा, काय वास!" आय वैतागली. "मस्करी करतंव काय माजी?" बा गडबडला, मग हसला. आम्हीही हसलो. म्हटलं, बा आयला चिडवतोय.

अशा दिवसांत सबनीस आले. वाशीला राहणारे, उंच, पांढरा शर्ट, बोलणं एकदम हळू. त्यांनी एका जुन्या चादरीत गुंडाळून गाडीची पुढची जाळी आणली होती. शाळेला सुट्टी लागली होती, त्यामुळे मी त्या दिवसांत आयबरोबर तुर्भ्याला जायची, आणि ते आले तेव्हा गाळ्यातच होते. चादर उलगडली तर आत इंजिनापुढची ती जाळी, आडव्या पट्ट्या आणि भोवती हसऱ्या तोंडासारखी वळलेली चौकट. सगळी डागाळलेली, फुगे आलेली. गाडी कसली, तर दोन माणसांची, बिनटपाची, परदेशी, शर्यतीच्या गाड्यांसारखी बुटकी. सबनीस म्हणाले, गाडी त्यांच्या मुलाची. भंगारात पडलेली त्याने आणली आणि नोकरी सांभाळून एकेक भाग जुळवत उभी केली. ही चौकट तर त्याला कुठेच मिळत नव्हती, किती गावं हिंडला, किती भंगारवाल्यांच्या पाया पडला, शेवटी मिळाली. आणि मिळाली त्यानंतर तो आजारी पडला आणि गेला.

"गाडी सगळी झालीये, धर्माजी," सबनीस म्हणाले. "रंग झाला, इंजिन चालतंय. फक्त ही राहिलीये. त्याच्या वर्षश्राद्धाला मला ती बाहेर काढायचीये. त्याची आई म्हणते, एकदा तरी तिच्यात बसेन."

बाने चौकट उचलली. जिथे मुलामा झिजला होता तिथे लालसर पिवळं दिसत होतं, पितळेसारखं. सबनीस पटकन म्हणाले, "कानस नका लावू हं. त्याच्या हातचं आहे, ओरखडा नको."

"कानस कनाला पायजे?" बा म्हणाला. आणि त्याने स्क्रूच्या भोकात अंगठा घातला, चोळला, नाकाशी नेला, डोळे मिटले. सगळं नेहमीसारखं. मी कौतुकाने सबनिसांच्या तोंडाकडे बघत होते, कारण ही आमची घरची जादू. "पितल हाय सायेब," बा म्हणाला. "जाली आनि चौकट दोनी. बिनघोर ऱ्हावा. तोंड बगाल तीत." सबनिसांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले. त्या माणसाला बाचा केवढा आधार वाटला असेल!

तो माणूस मग सारखा यायचा. घाई करायला नव्हे, नुसता येऊन बसायचा. पट्ट्या सुट्या करून ठेवल्या होत्या त्यांच्याकडे बघायचा. बा सबनिसांना चहा पाजायचा, आणि चहा पिताना ते मुलाचं काहीतरी सांगायचे, लहानपणी खेळणी उघडून कशी बघायचा वगैरे. बा घरी येऊन आयला सांगायचा. आय डोळे पुसायची आणि म्हणायची, "चांगली करा हां ती जाली. नीट मन लावून करा." बा म्हणायचा, "माज्या पोराची समजून करतंय गो." आणि विजूच्या डोक्यावर हात ठेवायचा.

त्या दुपारी आय आणि मी डबा घेऊन गाळ्याच्या दारात पोचलो आणि मला ठसकाच लागला. गाळ्यात ॲसिडचा वास नेहमीचाच, त्याची आम्हाला सवय होती. हा तो नव्हता. लसूण कुजल्यासारखा, घशात काटे टोचावेत असा. आयने पदर नाकाला लावला. आत बफचं मशीन घरघरत होतं आणि बा पाठमोरा उभा राहून जाळीची एक पट्टी चाकावर धरून चकाकवत होता. मजेत होता. पायाने ताल धरला होता. त्याच्या मागे, अगदी हात लांब केला तर लागेल एवढ्यावर ॲसिडचा हौद, आणि त्यातून भाताच्या पेजेसारखा फेस वर येऊन काठावरून खाली ओघळत होता.

"आवो!" आय ओरडली. "क्या जलतंय थं? आवो, वास क्या मारतंय एवरा?"

मशीनच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. मी धावत जाऊन बटण बंद केलं. एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत हौदातली चुरचुर ऐकू आली. बा वळला. आधी आमच्याकडे बघून हसला, मग आमची तोंडं बघितली, मग हौद. त्याने झडप घालून तांब्याच्या तारेने टांगलेली चौकट वर ओढली. तारेला जे आलं ते बघून मी मागे सरकले. हसरं तोंड कुठलं! कुरतडलेला, काळा पडलेला तुकडा, आणि तोही त्याच्या हातात असतानाच मधोमध तुटून खाली पडला.

"मझाक," बा म्हणाला. एवढंच. तो शब्द त्याने असा उच्चारला, जसं पहिल्यांदाच ऐकतोय.

आणि नेमके तेव्हाच सबनीस आले. रोजच्यासारखे, चप्पल दाराशी काढून. नाकाला रुमाल लावून आत आले, हौदाकडे बघितलं, फरशीवरचे ते तुकडे बघितले. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खाली बसले आणि तुकड्याला हात लावायला गेले. बाने त्यांचं मनगट धरलं, "नको सायेब, ॲसिड हाय," आणि स्वतः पाण्यात तीनतीनदा धुवून तुकडे त्यांच्यासमोर ठेवले.

सबनिसांनी तुकडे एकमेकांना जुळवून बघितले. मग म्हणाले, "पण तुम्ही वास घेतला होता ना? माझ्यासमोर घेतला होता."

बा उभा होता. हात लोंबकळत होते, त्यातून पाणी गळत होतं. त्याला खोटं बोलता आलं असतं. असा माल कधीकधी फसवतो म्हणाला असता तर सबनिसांना काय कळणार होतं? त्याने एकदा आयकडे बघितलं. ती डबा पोटाशी धरून उभी होती. मग मान खाली घालून म्हणाला, "मना वास येत नाय सायेब. लय वर्सं झाली. कसलाच येत नाय."

सबनिसांनी तुकडे रुमालात बांधले. "माणसाचं काय काय जातं," एवढं काहीतरी पुटपुटले आणि चपला पायात न घालता हातातच घेऊन बाहेर पडले. त्या उन्हात ते तसे अनवाणी ट्रकांच्या बाजूने किती लांब गेले कोण जाणे. बा त्यांच्या मागे दारापर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला. आयने डबा स्टुलावर ठेवला. बाकडे न बघता मला म्हणाली, "चल गो बाय, पाटी उघडी हाय." ती मार्केटात जाऊन बसली आणि दिवसभर गिऱ्हाइकांशी नेहमीपेक्षा जोरात भांडली.

संध्याकाळी बा घरी आला तेव्हा दारातून काही बोलला नाही. तो घमघमाट वगैरे काहीच नाही. हात-पाय धुऊन पाटावर बसला. आयने ताट वाढलं नाही. ती फळीवरचा सुक्या बोंबलांचा डबा घेऊन आली, झाकण उघडून त्याच्या नाकाखाली धरला. सुक्या बोंबलांचा डबा! वाड्यातली मांजरं गोळा व्हायची त्याच्या वासाने.

"ह्यो?"

बा म्हणाला, "नाय."

तिने लसूण ठेचून आणला. "नाय." हिंगाची डबी. "नाय." स्टोव्हमधलं रॉकेल बोटाला लावून आणलं. "नाय गो." ती आत जायची, काहीतरी घेऊन यायची, त्याच्या नाकाशी धरायची, आणि तो शाळेत उभ्या केलेल्या पोरासारखा हळू आवाजात नाय म्हणायचा. विजू रडायला लागला होता. शेवटी तिला आणायला काही उरलं नाही. ती तशीच त्याच्यापुढे बसली, डोक्यावरचा पदर मागे सारला आणि मान वाकवून अंबाडा त्याच्या तोंडाशी नेला. अंबाड्यात सकाळचा मोगरा होता, सुकलेला. कितीही मासळी विकली तरी आमच्या बाया मोगरा सोडत नाहीत.

"आनि ह्यो?"

बा पुढे वाकला. त्याने तिच्या केसांत नाक खुपसलं, जोराने श्वास ओढला, पुन्हा ओढला, आणि ती शिट्टी वाजायला लागली. मग म्हणाला, "नाय येत गो."

आय तशीच वाकलेली राहून रडली. "मंग येवरी वर्सं माज्या जेवनाला काय म्हनीत व्हतंव तुमी? क्या म्हनीत व्हतंव?" बा म्हणाला, "चव थोडी लागते. मीठ कलतं. तिखट कलतं. बाकीचं मना याद हाय ना." मला आई म्हणून, बायको म्हणून पुढे पुष्कळ दुःखं झाली, पण त्या संध्याकाळचं त्या दोघांचं रडणं मी अजून विसरले नाही. आम्ही त्या दिवशी भात आणि मीठ खाल्लं. कालवण तसंच टोपात राहिलं.

डॉक्टरने बॅटरी लावून नाकात बघितलं आणि सांगितलं, आतल्या पडद्याला भोक पडलंय, आरपार. क्रोमच्या हौदातून जे धुकं उठतं त्याने पडतं, त्या कामातल्या पुष्कळांना पडतं. वासही त्यानेच गेला. परत यायचा नाही. आयने विचारलं, "आनि शिट्टी?" डॉक्टर म्हणाला, ती त्या भोकातूनच वाजते. आय उठून बाहेर गेली. आम्ही इतकी वर्षं ज्याला हसलो, पाहुण्यांना ऐकवलं, ते बाचं नाक जळत होतं त्याचा आवाज होता.

बाने एवढं मात्र केलं. पुण्याकडचा एक तांबट शोधला, त्याला पट्ट्यांच्या मापावरून आणि सबनिसांकडच्या फोटोवरून पितळेची नवी चौकट ठोकून घडवायला लावली. ह्या वेळी कानस लावून बघितली, दहा जणांना दाखवली. मग स्वतः घासली, निकेल चढवलं, आणि डॉक्टरने नको म्हटलेलं असताना शेवटचं एकदा त्या लाल हौदावर वाकला. फडकं बांधून. आय शेजारी उभी होती. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे जाळी घेऊन वाशीला त्यांच्या घरी गेलो. गाडी अंगणात उभी होती, बाटलीच्या काचेसारखी हिरवी. बाने स्वतः जाळी बसवली. खरं सांगते, अशी सुरेख वस्तू मी नंतर पाहिली नाही. तीत सबनिसांचं घर दिसत होतं, आभाळ दिसत होतं, आम्ही चौघं पट्ट्या-पट्ट्यांत दिसत होतो. सबनीस बघत राहिले. "छान झालीये," म्हणाले. "फार छान झालीये." आणि तोंड फिरवून उभे राहिले. त्यांच्या बायकोने पुढे होऊन चौकटीवरून हात फिरवला आणि अगदी सहज विचारलं, "पण ही त्याची नाही ना?" बा पाना पुसत होता, तो पुसतच राहिला. दुसऱ्या दिवशी गाडी निघाली की नाही, ती बाई तिच्यात बसली की नाही, आम्हाला कधी कळलं नाही. बाने विचारायला जायची हिंमत केली नाही.

गाळा त्याने दुसऱ्याला देऊन टाकला. खाडीवरही तो गेला नाही, नाक नसताना काय जाणार. मग आयबरोबर मार्केटात बसायला लागला. एकेकाळचा धर्माशेट, बायकोशेजारी बसून मासे कापायचा. गिऱ्हाईक विचारायचं, "ताजी आहे का हो?" की तो आयकडे बघायचा. आय मासा उचलून कल्ल्याशी नाक न्यायची, मान हलवायची, आणि मग बा म्हणायचा, "एकदम ताजी हाय, घेऊन जावा." ती दोघं हे इतकं सफाईने करायची की कुणाच्या लक्षात यायचं नाही. मी मात्र समोरून बघत असले की मान वळवायची.

आणि घरी आयने नवीनच सुरू केलं. ताट वाढताना ती त्याला वास सांगायची. जिला कधी चार शब्द धड बोलता यायचे नाहीत ती! "आज मसाला असा भाजलाय, पलीकडची हौसा दारात येऊन उबी ऱ्हायली." "आज चिंबोऱ्या हायत, तुमच्या आयच्या चुलीवर यायचा ना, तसा वास सुटलाय." "आज कायपन नाय, वरन हाय, वरनाला कसला आलाय वास, जेवा गप." बा ऐकायचा, मान डोलवायचा आणि मग पहिला घास घ्यायचा. ती सांगेपर्यंत तो जेवणाला हात लावायचा नाही. मी लग्न होऊन कोपरखैरण्याला गेले, माहेरपणाला आले तरी हे चालूच.

मध्ये ती साथ आली तेव्हा माझ्या नातवाचा वास गेला. पोरगा सैरभैर झाला, मोबाईलवर सगळ्यांना कळवून झालं, दर तासाला कॉफीची बाटली हुंगायचा. त्याचा पंधरवड्यात परत आला. घरात पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले. मी त्याला बाबद्दल सांगायला गेले आणि मध्येच थांबले. काय सांगणार, आमचा बा तसाच म्हातारा झाला म्हणून?

आय बाच्या आधी गेली. बाला मी माझ्याकडे कोपरखैरण्याला आणला. जेवायला बसला की तो ताटाकडे बघत थांबायचा. मला पहिल्या दिवशी कळलंच नाही, मी म्हटलं, "जेव ना बा, गार होतंय." मग लक्षात आलं. मी सांगायला लागले, खमंग वास येतोय, छान दरवळलंय वगैरे. तो ऐकून घ्यायचा आणि हसायचा. "मास्तरीन हायस," म्हणायचा. "तुज्या आयसारकं नाय जमत तुला." आणि मुकाट्याने जेवायचा.

आयच्या साड्या नात्यातल्या बायकांना वाटायच्या म्हणून एका सकाळी मी ट्रंक उघडली. बा खाटेवर बसून बघत होता. वाटायच्या साड्यांतून त्याने एक ओढून घेतली, तिची मार्केटातली, हिरवी, रोजची, धुवायचीही राहून गेलेली. मांडीवर ठेवून थोडा वेळ तिच्यावरून हात फिरवला. मग माझ्याकडे सरकवली.

"बाय, बग जरा. हाय का गो अजून?"

मी तोंडाशी धरली. होता. सगळा होता. मासळीचा, मसाल्याचा, चुलीच्या धुराचा, कुठेतरी मोगऱ्याचा, आणि ह्या सगळ्याखाली तिचा स्वतःचा. मी लहान असताना तिच्या कुशीत शिरायची तोच.

"हाय बा," मी म्हटलं. मीही, आहे न म्हणता, हाय म्हटलं.

"कसा हाय? सांग ना."

एवढं वर्गात बोललेली मी, तोंडातून एक अक्षर फुटेना. बा वाट बघत होता, ताटापुढे बघायचा तशीच. मग त्यालाच दया आली असावी. त्याने माझ्या हातातून साडी अलगद काढून घेतली, तिची घडी केली, दोन्ही हातांनी तोंडाशी धरली आणि डोळे मिटून जेवढा ओढता येईल तेवढा श्वास ओढला. शिट्टी वाजली.